परातीएवढं काम

कांदिवलीला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "मी जाहिरात कंपनीत मराठी कॉपी लिहायचे. मुलगा झाल्यावर नोकरी सोडली. तो आता अडीच वर्षांचा आहे. वन बीएचके घर, सासू-सासरे सोबत, हॉलमध्ये दिवसभर टीव्ही. लिहायला टेबल नाही आणि सलग वीस मिनिटंही हाताला लागत नाहीत. मला कथा लिहायच्या आहेत. अडचणीतूनच कल्पकता फुलते असं सगळे सांगतात. हे खरं आहे, की माझी समजूत घालायला म्हणतात? मुलगा शाळेत जाईपर्यंत थांबलेलं बरं का?"

ताई, खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही, म्हणून ते वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. माझ्याही जायची. म्हणून आधी मी कोण आणि कुठल्या अनुभवावर बोलतोय ते सांगतो.

मी चित्रकार. लहान मुलांच्या मासिकांसाठी आणि पुस्तकांसाठी चित्रं करतो. २००३ साली मुलगी झाली तेव्हा दोघांपैकी एकाने घरी राहायचं ठरलं. बायको रुग्णालयात सिस्टर, तिची नोकरी कायम, माझी नव्हती. मी राहिलो, तो २०१७ पर्यंत. मधे मुलगाही झाला. तेव्हा आम्ही करी रोडला चाळीत राहायचो. दहा बाय सोळाची खोली, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी. पहाटे पाणी भरायच्या रांगेत मी एकटा पुरुष असायचो. पहिली दोन वर्षं लोक विचारायचे, मग सवय झाली. गेली काही वर्षं महिन्यातल्या एका रविवारी मी घरी राहणाऱ्या आई-बाबांना एकत्र बसवतो. कुणी लिहितं, कुणी शिवतं, कुणी वाजवतं. त्यांच्याकडून मी जे शिकलो तेही या उत्तरात आहे.

तुम्हाला मी आधी एका परातीची गोष्ट सांगतो.

बायकोची रातपाळी असली की ती सकाळी साडेआठला घरी यायची आणि नऊला झोपायची. खोली एकच. पडदे ओढलेले, ट्यूबलाइट बंद, भांड्याचा आवाज करायचा नाही. मुलगी आठ महिन्यांची होती, ती अकराला झोपायची ती साडेबारापर्यंत. तो माझा वेळ. माझी जागा म्हणजे ओट्यापुढची फरशी, आणि उजेड मोरीच्या झरोक्यातून येईल तेवढाच.

मी जलरंगात काम करायचो. त्या उजेडात निळा आणि हिरवा सारखेच दिसायचे. दुपारी पडदा उघडला की सकाळी केलेलं चित्र भलतंच निघायचं. जुलै आला तसा कागद दोन-दोन दिवस वाळेना, फुगून पापडासारखा वाकायचा. एकदा मुलीने रंगाच्या वाटीत हात घालून तो तोंडात घातला. तीन महिने मी नुसता चिडत होतो. बायकोवर नाही, तिची झोप मोडली असती तर मला स्वतःचीच लाज वाटली असती. खोलीवर चिडत होतो.

मग एके दिवशी लक्षात आलं की त्या अंधुक उजेडात मला रंग दिसत नाहीत, पण आकार स्वच्छ दिसतात. गॅलरीतून कुणी गेलं की पडद्यावर सावली पडायची आणि कोण गेलं ते मला चेहरा न बघता कळायचं. कुणाची कळशी कुठल्या कमरेवर आहे, कोण पाय ओढत चालतं, कुणाच्या पदराचा शेव कसा उडतो. मी कुडाळकडचा. आमच्या शेजारच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची मंडळी पडद्यामागे दिवा लावून चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लहानपणी मी त्या सावल्या मांडी घालून पाहिल्या होत्या. वीस वर्षं मुंबईत रंगांचं शिक्षण आणि रंगांची नोकरी करताना मला त्यांची आठवणही झाली नव्हती.

मी शाळेच्या दुकानातून काळा घोटीव कागद आणला. रुपया-दोन रुपयांचा. एका बाजूला काळी चकाकी, मागून पांढरा. मागच्या पांढऱ्या बाजूवर पेन्सिलने काढायचं आणि कापायचं. म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटं विचारात घ्यावं लागतं: उजव्या हातात कळशी हवी असेल तर काढताना डाव्या हातात द्यायची. कात्री म्हणजे नखं कापायची छोटी, टोकाला वाकडी. तिचा आवाज होत नाही. आधी आतली भोकं कापायची, म्हणजे डोळा, बांगडीतली पोकळी, हाताच्या बेचक्यातली जागा, आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी. कड आधी कापली तर कागदात जीव राहत नाही, आतलं कापताना तो फाटतो. आणि कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. हे कुणी शिकवलं नाही, चाळीसेक कागद वाया गेल्यावर हाताला कळलं.

आता परात. मुलगी केव्हाही उठायची आणि उठली की रांगत थेट माझ्याकडे. कात्री, कागदाचे कपटे, पेन्सिल, सगळं एका झटक्यात उचलता आलं पाहिजे. घरात चौदा इंची स्टीलची परात होती, कणीक मळायची. सगळं काम मी त्या परातीत करायला लागलो. मुलगी हलली की परात उचलायची आणि फ्रिजवर ठेवायची. काम मोडत नव्हतं, जिथे होतं तिथेच वर जायचं. अर्थात परातीत मावेल एवढंच चित्र. त्याहून मोठं चित्र त्या वर्षांत मी केलंच नाही.

चिकटवायला खळ. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, म्हणजे ती टिकते आणि कीड लागत नाही. मोरचूद विषारी, घरात रांगतं मूल, म्हणून मी नुसत्या गव्हाच्या पिठाची करायचो. ती मुंबईच्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबते. म्हणून रोज एक चमचा पीठ, तेवढीच खळ, आणि आज जे कापलं ते आजच चिकटवायचं. "उद्या बघू, अजून जरा सुधारू" हा माझा जुना रोग होता. तो त्या आंबणाऱ्या खळीने बरा केला.

हे सगळं आधी आपोआप घडत गेलं. मग एके दिवशी मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून काढलं: रंग एक. आकार परातीएवढा. चिकटवलं की त्याच दिवशी संपलं. आवाज नाही. ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या दारावर आहे. अडचण तीच होती. पण ज्या दिवशी ती मी माझ्या कामाची अट म्हणून स्वतःच्या अक्षरात लिहिली, त्या दिवसापासून तिच्याशी भांडण्यात जाणारी ताकद मोकळी झाली. कोरा कागद समोर ठेवला की माणूस आधी शंभर गोष्टी ठरवत बसतो: कुठला रंग, केवढं, कुठल्या शैलीत, कधीपर्यंत. माझ्याकडे त्यातल्या नव्वद गोष्टी ठरलेल्या होत्या. नव्वद मिनिटांत माझं डोकं फक्त एकाच प्रश्नावर चालायचं: या बाईने कळशी कशी धरली आहे?

तबल्यात याला सरळ शब्द आहे, कायदा. आमच्या रविवारच्या मंडळींमध्ये मुलुंडचे एक बाबा आहेत. बायको बँकेत, हे घरी, बाळ सहा महिन्यांचं. तबला वाजवायची सोयच नाही, थाप पडली की बाळ जागं. त्यांनी मला कायदा समजावून सांगितला. बोलांचा, म्हणजे तबल्याच्या अक्षरांचा, एक लहानसा साचा असतो. नवशिक्याला पहिल्यांदा देतात तो दिल्लीचा: धा धा तिट धा धा तुंना, ता ता तिट धा धा धिंना. मग त्याचे पलटे करायचे. पलट्यात बोल मागेपुढे करा, दुमडा, लांबवा, पण साच्यात नसलेला बोल बाहेरून आणायचा नाही, आणि खाली-भरीचा, म्हणजे कुठे घुमारा आणि कुठे नाही याचा, आकृतिबंध मोडायचा नाही. शेवटी तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. एवढ्याशा साच्यातून मोठे कलाकार मिनिटन्‌मिनिटं पलटे काढत राहतात आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येत नाही. बाहेरून काही आणायला बंदी आहे म्हणूनच आतलं इतकं उलटंपालटं करून बघितलं जातं.

त्या बाबांनी तबल्याला खोळ घातली आणि नुसती पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, सुरू केली. बाळाला खांद्यावर घेऊन संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारताना कुजबुजत बोल म्हणायचे, बोटं बाळाच्या पाठीवर हलकी चालायची. चार महिन्यांनी ते म्हणाले, "तबल्यावर बसलो की हात सवयीच्या रस्त्याने पळायचा. तोंडाने हळू म्हणताना पळताच येत नाही. इतक्या वर्षांत सुचले नाहीत असे पलटे पार्किंगमध्ये सुचले." मी ते पलटे ऐकलेत.

वीस मिनिटंही सलग नाहीत, हे तुमचं मुख्य दुखणं. त्यावर दादरची गोष्ट सांगतो, आपल्याच मुंबईतली. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून परतले आणि तिथे मागवलेला कॅमेरा हातात आला, तेव्हा चित्रपटासाठी पैसे लावायला कुणी तयार नव्हतं. हातात होतं काय? एक कॅमेरा, एक घर. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून रोज थोडी थोडी, फ्रेम-फ्रेम करत फिल्म घेतली. अंकुर फुटून वेल वाढते तो सगळा प्रवास जेमतेम मिनिटभराच्या फिल्ममध्ये आला. तीच दाखवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१३ च्या मे महिन्यात गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी विषय असा निवडला जो रोज थोडाच वाढतो. दिवसाला तुटक-तुटक काम करणं हे त्या विषयाला शोभणारंच होतं. सलग बसून वाटाण्याची वाढ कुणालाच टिपता आली नसती.

हे उदाहरण देताना मी सरस्वतीबाई फाळक्यांना कधीच वगळत नाही. पुढे पूर्ण चित्रपट उभा राहत असताना सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता, आणि रात्री कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं कामही त्या करायच्या. मुलं होती, घर होतं. आपण एका माणसाची कल्पकता म्हणतो त्यात दुसऱ्या कुणाची तरी रात्र गेलेली असते. इथून मी त्या उरलेल्या अर्ध्या सत्याकडे येतो.

सगळ्या अडचणींची अट होत नाही. २००७ मध्ये मुलगा झाला. तो पोटदुखीने रात्र-रात्र रडायचा, मुलगी चार वर्षांची, बायकोची रजा संपलेली. सात महिने मी एक कागद कापला नाही. परात परत कणकेला लागली. त्याच सुमारास एका प्रकाशनाचं बारा चित्रांचं काम मी घेतलं, "आपल्याला आता सवय आहे अडचणीत काम करायची" या भरवशावर. चौथं चित्र झालं आणि दोन्ही मुलांना एकामागोमाग ताप. चित्रं वेळेवर गेली नाहीत, काम दुसऱ्याला दिलं गेलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. मला आतून जे तुटल्यासारखं झालं ते या विचाराने, की लोक अडचणीतून फुलतात आणि मी मात्र वाळत चाललोय, म्हणजे माझ्यातच काही कमी असणार. हा विचार घातक आहे. तुम्हाला कधी आला तर लगेच ओळखा.

फरक कशात होता ते मला नंतर कळलं. बायकोच्या पाळ्यांचं वेळापत्रक महिन्याच्या सुरुवातीला भिंतीवर लागायचं. परात चौदा इंची म्हणजे रोज चौदा इंचीच. खळ रोजच आंबायची. झरोक्यातला उजेड तेवढाच. या अडचणींना ठरलेला आकार होता, ठरलेली वेळ होती. ताप सांगून येत नाही. झोपमोड आज दोनदा, उद्या सातदा. जी अडचण रोज त्याच मापाची येते, तिची अट करता येते. जिचं माप रोज बदलतं, तिची होत नाही. तिथे कल्पकता कामाची नाही, तिथे माणूस लागतो, झोप लागते, कधी डॉक्टर लागतो. सतत रडू येत असेल, भूक मेली असेल, बाळाकडे बघूनही काही वाटेनासं झालं असेल, तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांशी बोला. पैशाचं ओझं असेल तर कथा थांबवून कमाईचं काम आधी केलं तरी त्यात कमीपणा नाही.

आता तुमचं घर घेऊ. तुमच्या पत्रात मी रेघा मारल्या. वन बीएचके: ठरलेलं. टेबल नाही: ठरलेलं. टीव्ही: तो रोजच चालू असतो, म्हणजे तोही ठरलेलाच. मुलाची हाक: बेभरवशाची. सलग वेळ: बेभरवशाचा. पहिल्या तिन्हींची अट करायची आणि शेवटच्या दोन्हींपासून काम वाचवायचं, म्हणजे कुठेही तुटलं तरी सांडणार नाही असं काम निवडायचं.

एक गोष्ट तुम्ही विसरलात असं मला वाटतं. मर्यादेत लिहिणं हा तुमचा पेशाच होता. होर्डिंगवर सहा-सात शब्दांच्या वर जायचं नाही, कारण गाडीतला माणूस तेवढेच वाचतो. रेडिओचा स्पॉट तीस सेकंदांत संपलाच पाहिजे, त्यात ब्रँडचं नाव दोनदा. तेव्हा ही अट क्लायंट द्यायचा आणि तुम्ही कुरकुरत का होईना, त्यातून चांगलं काही काढायचात. आता क्लायंट नाही, म्हणून अट नाही, आणि अट नाही म्हणून "कथा" हा शब्द तुमच्यासमोर अख्ख्या मैदानासारखा पसरलाय. तुम्हीच क्लायंट व्हा. ब्रीफ लिहा. उदाहरणार्थ: कथा एका खोलीबाहेर जाणार नाही. तीन पात्रं, त्यातल्या एकाला बोलता येत नाही. एक दुपार. दिवसाला एकच वाक्य कागदावर.

दिवसाला एक वाक्य ऐकून तुम्हाला वाटेल, हे तर फारच थोडं. एक महिना करून बघा. वाक्य लिहायला दोन मिनिटं लागतात, पण ते ठरवायला अख्खा दिवस मिळतो, आणि तो हात कामात असताना मिळतो. आपल्याकडच्या बायकांनी हे शेकडो वर्षं केलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ज्या बायकांच्या तोंडून त्या आल्या त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पहाटेचा अंधार, मूल झोपलेलं, दोन्ही हात खुंट्याला बांधलेले, आणि समोर जाऊ किंवा नणंद. जात्याचा वेढा जेवढा, श्वास जेवढा, तेवढी ओळ. पहिली ओळ घोळवत राहायची, तोवर दुसरी जुळते. वही नव्हती म्हणून ओळ लक्षात राहील अशीच बांधावी लागली, आणि म्हणून ती आजही लक्षात राहते.

तुमचं जातं म्हणजे भांडी, कपड्यांच्या घड्या, मुलाला घास भरवणं. वाक्य त्या वेळी घोळवा. दुपारपर्यंत ते विसरलं तर जाऊ द्या, ते राहण्याजोगं नव्हतं. राहिलं तर लिहा. लिहिताना पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्दही टाकून ठेवा आणि तिथेच थांबा. उद्या बसल्याबरोबर धागा हातात येतो. मी परातीत पुढच्या चित्राची पहिली चीर देऊनच कात्री खाली ठेवायचो.

टीव्हीचं काय करायचं? भांडुपच्या एक आई आमच्याकडे येतात, त्यांच्या घरी हाच प्रकार. त्यांनी टीव्हीकडे पाठ करून नुसते संवाद ऐकायला सुरुवात केली, चेहरे न बघता. मालिकेतली माणसं आणि सोफ्यावरची माणसं एकाच वेळी बोलतात, आणि कधी कधी मालिकेतल्या प्रश्नाला घरातलं कुणी उत्तर देतं. त्यांनी तेवढंच लिहिलं. वर्णन नाही, "ती म्हणाली" नाही, नुसती वाक्यं. नंतर त्यांनी एक कथा केली ती अख्खी त्यांच्या मुलीच्या प्रश्नांची. आई काय उत्तर देते ते कुठेच नाही. शेवटच्या प्रश्नापर्यंत आपल्याला कळतं की बाबा घरी यायचे थांबलेत. त्या दिवशी खोलीतल्या अकरा माणसांपैकी कुणीच काही बोलू शकलं नाही. त्या मला म्हणाल्या, शांत खोली आणि मोकळी दुपार मिळाली असती तर मी वर्णनं लिहीत बसले असते.

पण रोज अर्धा तास तरी तुमचा हवा, आणि तो मागावा लागेल. पाठ केलेलं भाषण नको. सासूबाईंना सांगा, "आई, दुपारी साडेतीन ते चार मी लिहिणार आहे, याला तुमच्याजवळ ठेवाल का?" वेळ नेमकी सांगा. "जरा वेळ" असं म्हटलं की कुणालाच काही ठरवता येत नाही. आणि चार वाजता खरंच उठा, वाक्य अर्धं असलं तरी. पंधरा दिवस तुम्ही चारला उठलात की सोळाव्या दिवशी त्या स्वतः म्हणतील, "बस अजून दहा मिनिटं." नवऱ्याने एक सुट्टीची सकाळ मुलाला बाहेर न्यावं, हेही आत्ताच ठरवून घ्या. माझी बायको महिन्यातून दोन रविवार दोन्ही मुलांना घेऊन राणीच्या बागेत जायची. ते नसतं तर एकही पुस्तक पूर्ण झालं नसतं.

जागा आणि साधनांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ताट, टोपली, मुलाच्या डायपरची जुनी पिशवी, काहीही चालेल, फक्त एका हाताने उचलून त्याचा हात पोहोचणार नाही तिथे ठेवता आलं पाहिजे. फोनवर बोलून टाइप करता येतं, मराठीतही चांगलं होतं. पण फोन उघडला की त्यात बाकीचं जगही उघडतं. मी पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही वापरायला सांगतो. पेन तिच्यातच दोऱ्याने बांधा.

आता शेवटचा प्रश्न, मुलगा शाळेत जाईपर्यंत थांबू का. माझा मुलगा पहिलीला गेला तेव्हा मला रोज सकाळी पाच तास मोकळे मिळाले. बायकोची सकाळपाळी असली की घर रिकामं, पडदे उघडे, उजेडच उजेड. मी टेबल घेतलं, चांगले रंग घेतले, मोठा कागद घेतला. चार महिने काहीही झालं नाही. बसायचो, उठायचो, चहा करायचो. अकराला टेबल सोडून भाजी आणायला निघायचो. मग मी परात फ्रिजवरून काढली आणि टेबलावर ठेवली. पुढची चार पुस्तकं तिच्यातच झाली. एका संपादकांनी विचारलं, तुमची चित्रं अशी गोलात का बसतात, हे तुम्ही मुद्दाम ठरवलंत का? मी त्यांना परात दाखवली.

म्हणून थांबू नका. वेळ मिळाल्यावर काम सुरू होतं असं मला तरी कुणाच्या बाबतीत दिसलं नाही. आत्ता जे वीस तुटके क्षण आहेत त्यांत बसेल एवढी लहान गोष्ट सुरू करा. मोठा वेळ आला की ती त्याच्यात आपली वाढेल.

आणि एक. तुम्ही लिहिलंय की सासूबाई कोरेगावकडच्या आहेत आणि दुपारी टीव्हीवर डोळा लागला की झोपेत काहीतरी गुणगुणतात. त्यांना एकदा विचारून बघा, ओव्या येतात का. त्यांना नसतील येत तर त्यांच्या आईच्या तोंडच्या दोन-चार तरी आठवत असतील. साडेतीन ते चारमधला एखादा दिवस त्यांच्या शेजारी बसून त्या उतरवून घ्या, त्या थांबतील तिथे थांबत, त्या पहिली ओळ पुन्हा म्हणतील तेव्हा पुन्हा लिहीत. कथेआधी मला त्या पाठवा.